रोलिंग ब्लॉकला नवी नळी बसवली, ४५-७० च्या ब्लॅक पावडर लोडची टेस्टिंग

रानवेडा_कोलोरॅडो

मंडळी, अर्जेंटिनावाल्या रोलिंग ब्लॉकचं पुढे काय झालं असं व्यनि (खासगी निरोप) करून दोघातिघांनी विचारलं, म्हणून वेगळा धागाच काढतोय. नळी (बॅरल) आली, बसली, रेंजवर जाऊन धूरही काढून झाला. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक ही एकेक काडतूस घालून झाडायची रायफल, न्यूयॉर्क राज्यात इलियनला बनायची, १८६० च्या दशकाच्या शेवटापासून डेन्मार्क, स्वीडन, स्पेन, इजिप्त, अर्जेंटिना अशा कितीतरी सैन्यांनी घेतली. घोडा मागे, मग ब्लॉक अंगठ्याने मागे फिरवायचा, काडतूस सरकवायचं, ब्लॉक बंद, झालं. माझी ॲक्शन (नळीमागचा, काडतूस बंद करून झाडणारा भाग) अर्जेंटिनाच्या १८७९ मॉडेलची, मूळ कॅलिबर फॉर्टी-थ्री स्पॅनिश, आणि नळी आतून इतकी गंजून खड्डे पडलेली की पॅच (पुसायचा कापडाचा तुकडा) ओढला तर कापडाचे धागे आतच अडकायचे. ॲक्शन मात्र ठणठणीत. म्हणून गनस्मिथकडून ३० इंची नवी नळी बसवून घेतली, ४५-७० (ब्लॅक पावडरच्या, म्हणजे काळ्या दारूच्या, जमान्यातलं काडतूस) मध्ये, आतल्या खाचांचा (रायफलिंगचा) पीळ १८ इंचात एक वेढा. फॉर्टी-थ्री स्पॅनिशची रिम (काडतुसाच्या बुडाची कड) आणि ४५-७० ची रिम जवळपास सारखी असल्याने हे रूपांतर इकडे बरेच जण करतात.

त्याच्याकडूनच फायरिंग पिनचं भोक बुश करून (बारीक भोकाचा तुकडा बसवून) घेतलं. जुन्या रोलिंग ब्लॉकची पिन जाडजूड असते आणि भोक ऐसपैस, प्रायमरचं (काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीचं) धातू मागे त्यात शिरतं आणि मग ब्लॉक उघडताना अडतो. नळी बदलताय तर हे काम त्याच वेळी उरकून घ्या, परत ॲक्शन उघडायला लावू नका.

आता मुद्दा. माझ्याकडे शार्प्सची एक रेप्लिका आहे, तिचा लोड (गोळी आणि दारूचं ठरलेलं प्रमाण) बसलेला आहे, ५३५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) पोस्टेल घाटाची गोळी, वीस भाग शिसं एक भाग कथील, स्विस ब्रँडची दीड एफ (दाण्याचा आकार) पावडर. सगळे म्हणाले तोच लोड घाल की, कॅलिबर तेच आहे. नाही हो. कॅलिबर तेच असलं तरी चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) तेच नसतं. मी आधी सेरोसेफ ओतून चेंबरचा साचा काढला (हा मिश्रधातू ७०-८८ सेल्सिअसला वितळतो, थंड झाल्यावर आधी आकसतो आणि साधारण तासाभराने बरोब्बर चेंबरच्या मापाला येतो, त्यामुळे घाईने मापू नका). तर नव्या नळीत केस (काडतुसाचं पितळी कवच) संपते तिथून रायफलिंग सुरू होईपर्यंतचा घसा शार्प्सपेक्षा चांगलाच लांब निघाला. म्हणजे गोळी रायफलिंगला टेकवायची तर ती केसच्या बाहेर जास्त ठेवावी लागणार. गोळी बाहेर गेली की केसमध्ये जागा वाढली, आणि तेवढीच पावडर घातली तर वॅड (पावडर आणि गोळीमधली चकती) आणि पावडर यांच्यात पोकळी. ब्लॅक पावडरमध्ये पोकळी म्हणजे थट्टा नाही, नळीला रिंग पडते, फुगवटा येतो, नव्या नळीचं वाटोळं. दारू, वॅड, गोळी एकमेकांना चिकटून असली पाहिजेत. बस. यात तडजोड नाही.

मग नळीतून मऊ शिशाची गोळी ठोकून काढली, खाचांचं माप ०.४५८ इंच आलं. मोल्डमधून पडणारी गोळी ०.४५९ ची, म्हणजे ठीक. मऊ शिसं असलं की मागून धडका बसल्यावर गोळी थोडी फुगून खाचा भरतेच, म्हणून फार कडक मिश्रण वापरू नये असं माझं मत.

६८ ग्रेन पावडर ड्रॉप ट्यूबमधून घातली, लांब पितळी नळीतून सावकाश ओतली की दाणे आपोआप घट्ट बसतात, वर फायबरचं वॅड, मग कॉम्प्रेशन डायने हलकं दाबलं. स्विसला फार दाबायला लागत नाही, उलट बिघडते. अमेरिकन ओल्ड आयन्सफर्डला जास्त दाब लागतो.

१०० यार्डावर क्रॉस स्टिक्सवरून (नळी टेकवायच्या फुलीच्या काठ्या) पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप. पहिल्याच ग्रुपात आडवं पसरणं अगदी कमी आणि उभी रांग. म्हणजे वेग वरखाली होतोय. अशा वेळी सगळे लगेच एकेक ग्रेन वरखाली करायला लागतात. मी ठरवून ते केलं नाही, लोड तोच ठेवला आणि फक्त नळी पुसायची पद्धत बदलली. शार्प्सला मी ब्लो ट्यूबवर (दर गोळीनंतर बॅरलमध्ये श्वास फुंकायची नळी) भागवतो, पहिला ग्रुपही तसाच मारला होता. इथे प्रत्येक गोळीनंतर एक ओला पॅच (पाणी आणि बॅलिस्टॉल तेल) आणि मागोमाग एक कोरडा. त्याच ६८ ग्रेनच्या लोडचा उभा पसारा निम्म्याहून कमी झाला. एक दाणाही न बदलता!

तर माझं म्हणणं हे की ब्लॅक पावडरमध्ये लोड म्हणजे फक्त ग्रेन नाहीत. नळी प्रत्येक शॉटला सारख्याच अवस्थेत नसेल तर कागदावर दिसतंय ते पावडरचं की काजळीचं हे कळायला मार्ग नाही. आधी पुसणं पक्कं करा, मग ग्रेनचे खेळ करा.

पुणेरी_शंका

वाखु (वाचनखूण) साठवली. अर्धं डोक्यावरून गेलं पण मजा आली. दोन बाळबोध प्रश्न. एक, इतका धूर आणि पुसापुशी करण्यापेक्षा सरळ स्मोकलेस पावडर का नाही वापरत? दोन, काडतुसं घरी कशाला भरायची, दुकानात मिळत नाहीत का?

रानवेडा_कोलोरॅडो

बाळबोध नाहीत, उलट पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ही ॲक्शन ब्लॅक पावडरच्या जमान्यातली आहे, तिचं लोखंड त्या दाबासाठीच. स्मोकलेस इतकी कमी जागेत इतका दाब करते की चुकून दुप्पट पडली तरी केसमध्ये दिसतसुद्धा नाही. काही लोक ब्लॅकच्या तळाला चिमूटभर स्मोकलेस घालतात काजळी कमी व्हावी म्हणून, त्याला ड्युप्लेक्स म्हणतात, मॅचमध्ये बंदी आहे आणि जुन्या ॲक्शनमध्ये मी तरी करणार नाही.

दुकानात ४५-७० मिळते की, पण बहुतेक सगळी स्मोकलेसवाली. नावातच मूळ रेसिपी आहे बघा, ४५ कॅलिबर, ७० ग्रेन पावडर, आणि १८७३ च्या स्प्रिंगफील्ड ट्रॅपडोअर रायफलसाठी गोळी ४०५ ग्रेन. नंतर सैन्याने ५०० ग्रेनची घेतली. लांबवर जायचं तर जड गोळीच लागते.

आणि ग्रेनचा अंदाज येत नसेल तर, इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता. म्हणजे माझी एक गोळी तीन तोळ्याला जराशी कमी. सोनाराकडे जाऊन शिशाचे तीन तोळे हातात घेऊन बघा, मग खांद्याला काय बसतं ते कळेल.

मॉन्टानाचा_मामा

अरे रानवेड्या, छान लिहिलंयस पण ब्लो ट्यूबला उगाच बदनाम केलंस. आमच्याकडे फोर्साइथला क्विग्ली मॅचला बघ, किती जण फुंकूनच मारतात. पद्धत बरोबर पाहिजे. ब्रीच (बॅरलचं मागचं तोंड) उघडून रिकाम्या केसला जोडलेली नळी चेंबरमध्ये घालायची आणि सावकाश, पोटातून, गरम दमट श्वास. लोक फुगा फुगवल्यासारखं फू फू करतात, त्याने काय होणार? दमट श्वासाने काजळी मऊ होते, पुढची गोळी तिला पुढे ढकलत नेते. प्रत्येक वेळी श्वास मोजून तेवढेच घ्यायचे.

दुसरं, तू पुसतोस तेव्हा चेंबर ओलं राहतंय का बघ. कोरडा पॅच ओढला तरी कोपऱ्यात पाणी राहतं आणि मग पहिल्यापेक्षा दुसरी गोळी वेगळी जाते. चेंबरसाठी वेगळा बोळा ठेव.

रानवेडा_कोलोरॅडो

मामा, बदनाम नाही केलं हो, शार्प्सला मी अजून फुंकतोच. पण आमच्याकडची हवा आठवा. पूर्व कोलोरॅडोचं मैदान, उंची भरपूर, उन्हाळ्यात आर्द्रता अगदीच कमी. तोंडाजवळच्या शेवटच्या पाचसहा इंचात काजळी अशी कडक होते की पातेल्याला करपलेली खरवड बरी, श्वास तिथपर्यंत पोचेपर्यंत वाळून जातो. शिवाय नवी नळी, रायफलिंगच्या कडा अजून करकरीत, लँडवर (दोन खाचांमधल्या उंचवट्यावर) रीमरच्या (नळी कोरायच्या हत्याराच्या) बारीक रेषा. बोअरस्कोपने बघितलं तर काजळी नेमकी त्या रेषांमध्ये धरतेय. शे-दोनशे गोळ्या गेल्यावर गुळगुळीत होईल, तेव्हा परत फुंकून बघणारच आहे.

चेंबरच्या बोळ्याचं मात्र १००% मान्य. फेल्टचा गोळा लावलेली आखूड काडी करून घेतलीये.

आकडेमोड

धागा आवडला, पण माझ्यातला संख्याशास्त्रवाला गप्प बसत नाही. पाच गोळ्यांच्या ग्रुपवरून 'निम्म्याहून कमी झाला' हे विधान धाडसी आहे. पाचच्या सॅम्पलमध्ये एसडी (प्रमाण विचलन) इतका हलतो की एकच लोड परत मारला तरी दुप्पट-निम्मा येऊ शकतो. क्रोनोग्राफचे (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे आहेत का? आणि दोन पद्धती आलटून पालटून मारल्या की आधी एक मग दुसरी? कारण दुसरी पद्धत मारेपर्यंत नळी तापलेली, वारा बदललेला, नेमबाज दमलेला.

रानवेडा_कोलोरॅडो

बरोबर पकडलंत, आणि म्हणूनच आलटून पालटून मारले. एक ग्रुप फुंकून, मग नळी पूर्ण स्वच्छ, एक ग्रुप पुसून, असं दिवसभर. एका ग्रुपवरून मीही बोललो नसतो. पुसून मारलेले सगळे ग्रुप एकावर एक ठेवले तरी फुंकलेल्यांच्या एका ग्रुपपेक्षा उभे कमी पसरतात. क्रोनोवर वेग ११८० फूट प्रति सेकंदाच्या आसपास, आणि पुसून मारल्यावर एसडी एक अंकी. ब्लॅक पावडर धुराट आणि जुनाट वाटते, पण जमली की स्मोकलेसवाल्यांना लाजवेल इतकी सारखी जळते, हे लोकांना पटत नाही.

दुसरी गोष्ट जी कागदापेक्षा लवकर सांगते: नळीचं तोंड. गोळ्या झाडल्यावर तोंडावर ग्रीसचा ओलसर तारा उमटला पाहिजे. तो असला म्हणजे गोळीवरचं ल्यूब शेवटपर्यंत पुरलं. तोंड कोरडं राखाडी दिसलं की ल्यूब वाटेतच संपलं, पुढे शिसं धरणार.

बखरवाली

रोलिंग ब्लॉकचं नाव निघालं आणि क्रीडमूर नाही आलं, असं कसं चालेल? २६ सप्टेंबर १८७४, लाँग आयलंडवरची क्रीडमूर रेंज, अमेरिका विरुद्ध आयर्लंड, सहा-सहा जण, ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश लोकांकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, आणि तेव्हा जगभर समजूत अशी की लांब पल्ल्याला ठासणीचीच बंदूक खरी, ब्रीचलोडर (मागून भरायची) म्हणजे खेळणं. अमेरिकेकडे तिघांकडे रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक आणि तिघांकडे शार्प्स. निकाल ९३४ विरुद्ध ९३१. तीन गुणांनी! त्यातही मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाने एक गोळी शेजारच्याच टार्गेटवर मारली, ती धरली गेली नाही. आणि अमेरिकेकडून शेवटची गोळी बोडाइनने मारली ती जिंजर बीअरची बाटली फुटून हात कापलेला असताना. त्या संघातला हेपबर्न रेमिंग्टनच्याच कारखान्यातला, पुढे त्याच्या नावाची रायफल निघाली.

रानवेडा, तुमचा पुसण्याचा मुद्दा इथेही लागू होतो. ठासणीवाल्यांचा एक दावा हाच होता की दर गोळीला गज घालावाच लागतो म्हणून नळी एकसारखी राहते.

खडकीकर

बखरवाली ताई, मस्त माहिती. आमच्याकडचं थोडं जोडतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे बरोबर याच काळातला. १८५७ नंतर इंग्रजांचं धोरणच होतं की देशी पलटणींच्या हातात गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची. २७ जुलै १८८० च्या मैवंदच्या लढाईत गोऱ्या ६६ व्या रेजिमेंटकडे मार्टिनी-हेन्री, आणि आपल्या मुंबई लष्कराच्या ग्रेनेडिअर्स आणि जेकब्स रायफल्सकडे स्नायडर. स्नायडर म्हणजे ठासणीच्या एनफील्डलाच मागून झडप कापून ब्रीचलोडर केलेली.

प्रश्न असा की मार्टिनीलाही असं नळी बदलून मारता येतं का?

रानवेडा_कोलोरॅडो

येतं, इकडे मूळ मार्टिनीसुद्धा मारणारे आहेत. ५७७/४५० काडतूस, ८५ ग्रेन पावडर आणि ४८० ग्रेनची गोळी. त्याची केस बाटलीसारखी, पोट मोठं मान बारीक, मूळ काडतुसं तर पितळी पत्रा गुंडाळून केलेली आणि तापलेल्या चेंबरमध्ये फाटून अडकायची. केस मोठी असल्याने लोक आत कापूस वगैरे भरतात जागा भरायला, त्यात मी पडणार नाही. सरळ भिंतीची ४५-७० बरी.

मुलुंडकर_७७

हे सगळं भारतात करता येईल का? फार्महाउसवर वगैरे?

खडकीकर

नाही. सरळ नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ आहे, लायसन्सशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा, काडतुसंही लायसन्सवर ठरावीक, आणि घरी भरणं ही अमेरिकन चैन आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका. नेमबाजीची हौस असेल तर एअर रायफल रेंज गाठा.

डॉ_वेदना

बाकी काही कळत नाही पण शिसं कळतं. गोळ्या घरी ओतताय म्हणून लिहिते. वितळलेल्या शिशाच्या वाफेपेक्षा हाताला आणि कपड्याला लागणारी धूळ जास्त घरात येते. गॅरेजचं दार उघडं ठेवा, वेगळे कपडे, काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाणंपिणं नाही, आणि लहान मुलं असतील तर त्या जागेत अजिबात नकोत. वर्षातून एकदा रक्तातली लेडची तपासणी करून घ्या. प्रायमरच्या धुरातही शिसं असतं हे बरेच जण विसरतात, इनडोअर रेंजवर जास्त.

रानवेडा_कोलोरॅडो

डॉक्टर, धन्यवाद. ओतायची जागा घराबाहेर शेडमध्येच आहे, आणि तपासणी फिजिशियनकडे दरवर्षी होते. वाफेपेक्षा धूळ हे मात्र लोकांना सांगायलाच हवं, वर तरंगणारा मळ काढून टाकतात ना, ती भुकटी सगळ्यात वाईट.

आता २०० मीटरचा अपडेट. पुसणं पक्कं झाल्यावर ग्रेनकडे वळलो. ६६ ते ७० पर्यंत एकेक ग्रेन, गोळी तिथेच टेकलेली, म्हणजे जास्त पावडर तर जास्त कॉम्प्रेशन. ६६ ला पोकळी राहायला नको म्हणून जाड वॅड. ६८ आणि ६९ जवळजवळ सारखे, ७० ला ग्रुप परत उघडला, गोळीचं बूड दाबाने बिघडत असावं असा माझा अंदाज. ६८ वर थांबलो.

प्रायमर बदलून बघितले तर त्याचा फरक ग्रेनपेक्षा जास्त दिसला. मॅग्नमपेक्षा सौम्य प्रायमर या नळीला मानवतोय. पावडरचे डबे एकाच लॉटचे घ्या, कारण लॉट बदलला की परत शून्यातून. हॅझमॅटचं (धोकादायक मालाचं) भाडं तसंही एका डब्याला तेवढंच आणि दहाला तेवढंच पडतं.

मॉन्टानाचा_मामा

६८ ला थांबलास ते बरं केलंस. रॅटनला (न्यू मेक्सिको) जाणार ना सिल्हूटला (प्राण्यांच्या आकाराची पोलादी निशाणं पाडायची मॅच)? मग ५०० मीटरच्या मेंढ्यावर मारून बघितल्याशिवाय लोड झाला म्हणू नकोस. २०० ची कोंबडी उभ्याने मारायची, तिथे लोड नाही, हात हलतात. ३०० चं डुक्कर सोपं. ३८५ चा टर्की लबाड, उंच आणि बारका. मेंढा मोठा असतो पण तिथपर्यंत गोळी अशी आभाळातून उतरते की वेगात थोडा फरक पडला तरी पायाखाली जाते. एसडी तिथे कळते.

रानवेडा_कोलोरॅडो

जाणार तर. रॅटन पास ओलांडला की पोचलोच. टँग साईटच्या (मागच्या उंच नेमपट्टीच्या) व्हर्नियर मापकावर २०० आणि ३०० ची मापं लिहून झालीत, ५०० ची उरलीत. वारा पडेल अशी सकाळ बघतोय, कारण या गोळीला वारा फार लागतो.

नवखा_ह्यूस्टन

उशिरा आलो धाग्यावर. मारून झाल्यावर साफसफाई कशी? माझ्या केसेस हिरव्या पडल्यात.

रानवेडा_कोलोरॅडो

हिरव्या पडल्या म्हणजे रात्रभर तशाच राहिल्या. काजळी हवेतलं पाणी ओढते, ह्यूस्टनच्या दमट हवेत तर बघायलाच नको. रेंजवरच साबणपाण्याच्या बरणीत केसेस टाकायच्या, प्रायमर आधी काढून, घरी आल्यावर सिरॅमिक मीडियाबरोबर (बारीक खड्यांबरोबर) टंबलरमध्ये (फिरत्या डब्यात). नळीला साधं पाणी, पॅच पांढरा येईपर्यंत, सडक्या अंड्याचा वास येईल त्याला घाबरू नका, तो गंधकाचा. मग पूर्ण कोरडी करून तेल. दुसऱ्या दिवशी परत एक पॅच ओढून बघा, तांबूस आला तर परत पाणी. पेट्रोलियमचं तेल राहिलं असेल तर पुढच्या वेळी मारायच्या आधी पुसून काढा, ते ब्लॅक पावडरबरोबर मिळून डांबरासारखं चिकट होतं.

आणि केसेसच्या माना दर काही वेळा तापवून मऊ करत जा. माना कडक झाल्या की गोळी कमीजास्त घट्ट धरतात, आणि मग परत तीच उभी रांग दिसायला लागते.